नॉनस्टिक तव्यावर स्प्रे वापरावा का? सोसायटी ग्रुपवरील चर्चा

बी-३०४
सर्वांना नमस्कार. भांड्यांविषयी एक शंका विचारते. आमच्या नॉनस्टिक तव्याच्या कडेने पिवळसर तपकिरी, मेणचट थर धरला आहे. रोज साबणाने धुऊनही तो जात नाही आणि आता मधल्या भागातही पदार्थ चिकटू लागले आहेत. तेल कमी लागावे म्हणून आम्ही डब्यातला कुकिंग स्प्रे वापरतो. तव्याबरोबर आलेल्या माहितीपत्रकात मात्र ‘एरोसोल स्प्रे वापरू नये’ एवढीच ओळ आहे, कारण दिलेले नाही. या दोन्हींचा काही संबंध असेल का, आणि तवा टाकूनच द्यावा लागेल का?

ए-१०२
माझ्या मते टाकून द्यावा. पदार्थ चिकटू लागले याचा अर्थ वरचा लेप गेला, आणि गेलेला लेप कोणाच्या तरी पोटातच गेला असणार. हे लेप विषारी असतात असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे.

सी-५०१
ताई, संबंध नक्की आहे, पण तवा टाकण्याची घाई करू नका. माझी नोकरी धातूंवरील लेपांच्या तपासणीतली होती, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. ज्यांना एवढे वाचायचे नसेल त्यांनी खुशाल पुढे जावे.

स्प्रेच्या डब्यात केवळ तेल नसते. तेल फवाऱ्याच्या रूपाने बाहेर पडावे यासाठी त्यात दाबाखाली वायू भरलेला असतो, आणि तो बहुधा प्रोपेन किंवा ब्युटेन असतो. शिवाय लेसिथिन असते, जे बहुतेक वेळा सोयाबीनपासून काढलेले असते. अनेक डब्यांत फेस येऊ नये म्हणून सिलिकॉनच्या जातीचा एक घटकही अगदी अल्प प्रमाणात घालतात. घटकांच्या यादीत नावाऐवजी क्रमांक छापले असतील, तर लेसिथिन ३२२ या क्रमांकाने आणि हा सिलिकॉन ९०० या क्रमांकाने ओळखावा. हे सर्व खाद्यपदार्थांत वापरण्यास मान्यता असलेले घटक आहेत, तेव्हा प्रश्न पोटाचा नसून तव्याचा आहे.

नॉनस्टिक लेपावर नुसते तेल घातले तर ते पसरत नाही, आक्रसून थेंबाथेंबांनी गोळा होते, हे आपण रोज पाहतो. लेसिथिनच्या रेणूची एक बाजू तेलात मिसळते आणि दुसरी पाण्याकडे ओढ घेते, त्यामुळे त्याच्या संगतीने तेल अत्यंत पातळ होऊन पसरते. साध्या पत्र्याच्या साच्यात हा गुण उपयोगी पडतो. नॉनस्टिकवर मात्र तोच अंगाशी येतो, कारण लेसिथिन तेलाच्या मानाने कमी उष्णतेतच तपकिरी पडू लागते आणि पातळ थराला जळायला वेळ लागत नाही.

त्यातही फवारा नेमका मधोमध पडतो असे नाही, तो कडांवरही बसतो. मध्ये पदार्थ असतो. तो थोडे तेल शोषून घेतो आणि त्यातले पाणी वाफ होऊन जाईपर्यंत तिथली उष्णताही आवरून धरते. कडेला यातले काहीच घडत नाही. तिथले तेल नुसते तापत राहते, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो, त्याचे रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि शेवटी कडक कातडे तयार होते. जवसाच्या तेलाचे रोगण लाकडावर वाळते तीच ही क्रिया आहे, फक्त उष्णतेमुळे ती झपाट्याने होते. साबण द्रव तेल सुटे करू शकतो, असे गुंतलेले तेल त्याला दाद देत नाही. मग दुसऱ्या दिवशी त्याच कातड्यावर नवा फवारा बसतो आणि थर कडेकडून मध्ये सरकू लागतो.

म्हणजे तुमच्या वर्णनावरून तरी लेप गेलेला नसून लेपावर दुसरेच काहीतरी चढले आहे. पदार्थ चिकटतो आहे तो त्या वाळलेल्या तेलाला. खात्री करायची असेल तर गार तव्यावरून बोट फिरवून पाहावे. तपकिरी भाग किंचित उंच, चिकट किंवा खरखरीत लागला तर ते तेल समजावे. खालचा चकचकीत धातू दिसत असेल किंवा पापुद्रे सुटत असतील, तर मात्र लेपच गेला असे समजावे.

बी-३०४
ताई, आपण इतके सविस्तर लिहिलेत त्याबद्दल मनःपूर्वक आभार. बोट फिरवून पाहिले. थर उंच आणि चिकट आहे, धातू कुठेही दिसत नाही. आता तो काढावा कसा?

सी-५०१
तवा पूर्ण गार असताना कोमट पाण्यात भांड्यांचा द्रव साबण घालून अर्धा तास भिजवून ठेवा. नंतर खाण्याच्या सोड्यात बेताचे पाणी घालून त्याची दाटसर खळ करा, ती तपकिरी भागावर थापून पाव तास राहू द्या आणि मऊ स्पंजाने, हलक्या हाताने, गोलाकार घासा. सोडा सौम्य अल्कधर्मी असल्यामुळे जुने तेल हळूहळू सैल करतो आणि त्याचे कण इतके मऊ असतात की लेपाला सहसा ओरखडा पडत नाही. एका खेपेत सगळे निघाले नाही तर जोर वाढवू नका, खेपा वाढवा. थर फारच जुना असेल तर तव्यात पाणी आणि चमचाभर सोडा घालून मंद आचेवर पाच-दहा मिनिटे ठेवावे, पाणी गार झाल्यावर घासावे.

सोड्यात व्हिनेगर घालण्याचा उपाय पुष्कळ ठिकाणी सांगतात. भरपूर फेस येतो म्हणून तो गुणकारी वाटतो, पण आम्ल आणि अल्क एकमेकांना निकामी करतात आणि भांड्यात जवळजवळ खारट पाणीच उरते, तेव्हा त्या भानगडीत पडू नये. तारेची घासणी, काथ्या, स्पंजाची खरबरीत हिरवी बाजू, भांडी घासायची पावडर आणि राख यांपैकी काहीही तव्याला लावू नये. तव्याची बाहेरची बाजू उघड्या अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तिच्यावर सोड्याची खळ रात्रभर ठेवू नये, कारण अल्काने अ‍ॅल्युमिनियम काळपट पडते.

डी-२०३
ताई, एक विचारू का? आपण सांगितलेली क्रिया तेलाचीच आहे, लेसिथिन तिला हातभार लावते इतकेच. मग बाटलीत साधे तेल भरून हाताने दाबायचा जो फवारा मिळतो, तो तरी चालेल का? आम्ही वजनाच्या कारणासाठी तेल मोजून वापरतो आणि डब्यावर तर ‘शून्य कॅलरी’ लिहिलेले असते.

सी-५०१
आपला मुद्दा बरोबर आहे. हाताने दाबायच्या बाटलीत वायू आणि लेसिथिन नसल्यामुळे ती डब्यापेक्षा निश्चित बरी, पण तिचेही तुषार कडेवर उडतात आणि तिथे वाळतात. त्यामुळे मी फवारा सरळ तव्यावर न मारता अर्धा चमचा तेल मधोमध घालून ते सुती फडक्याच्या घडीने किंवा सिलिकॉनच्या ब्रशने पसरवते. कडा कोरड्या राहतात आणि तेलही फवाऱ्याहून फारसे जास्त लागत नाही. फवाराच हवा असेल तर तो फडक्यावर मारून फडके तव्यावर फिरवावे.

‘शून्य कॅलरी’ हा मात्र आकड्यांचा खेळ आहे. अमेरिकेतील नियमानुसार एका वाढीत, म्हणजे एका वेळी वापरायच्या प्रमाणात, ५ पेक्षा कमी कॅलरी असतील तर शून्य छापता येते, आणि स्प्रेची एक वाढ म्हणजे सेकंदाच्या पाव भागाचा फवारा, सुमारे पाव ग्रॅम. डब्यात असते ते तेलच, आणि एक ग्रॅम तेलात सुमारे ९ कॅलरी असतात. आपले बोट सेकंदाच्या पाव भागात कधी सुटते हे आपले आपणच पाहावे.

ए-१०२
थर तेलाचा आहे हे मान्य करतो. पण मूळ लेप विषारी असतो, त्याचे काय? माझ्या सुनेने याच कारणासाठी घरातील सगळी नॉनस्टिक भांडी काढून टाकली आहेत.

ए-४०२
काका, आपली शंका रास्त आहे, पण त्यात दोन वेगळ्या पदार्थांची गल्लत होते. तव्यावर जो लेप असतो त्याला पीटीएफई म्हणतात. अमेरिकेत ड्युपॉन्टच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट शीतकरणासाठी लागणाऱ्या वायूंवर काम करत होते. त्यांना हा पदार्थ १९३८ साली ध्यानीमनी नसताना सापडला. तो अ‍ॅल्युमिनियमच्या तव्यावर बसवण्याची युक्ती फ्रान्समधील मार्क ग्रेग्वार या अभियंत्याने १९५४ च्या सुमारास काढली. हा पदार्थ रासायनिकदृष्ट्या इतका निष्क्रिय आहे की त्याचा एखादा कण पोटात गेला तरी तो न पचता तसाच बाहेर पडतो.

ज्याच्याविषयी आपण वाचले असेल तो पीएफओए. हा लेप नव्हे, लेपाचा कच्चा माल बनवताना पूर्वी साहाय्यक म्हणून वापरले जाणारे रसायन होय. त्याची चिंता मात्र खरी आहे. ते निसर्गात विघटित होत नाही, २०१९ साली ते स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत घातले गेले आणि २०२३ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसांत कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. अमेरिकेतील प्रमुख उत्पादकांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवला होता. लेप भट्टीत पक्का करताना त्याचा बहुतेक सगळा अंश निघून जात असल्यामुळे त्याचा फटका तव्यात रांधणाऱ्यांपेक्षा कारखान्यांच्या परिसरातील पाण्याला आणि तेथील लोकांना बसला. या कारणासाठी कोणी नॉनस्टिक घेणेच नाकारले तर मला ते पटते. पण घरात असलेला चांगला तवा फेकल्याने त्यातले काही भरून येत नाही.

सी-५०१
यात भर घालते. पीटीएफईची खरी भीती आहे ती आचेची. साधारण २६० अंशांपर्यंत लेप सुरक्षित मानतात, त्यापुढे तो खराब होऊ लागतो आणि ३५० अंशांच्या वर त्याचे विघटन जोरात होऊन घातक वायू बाहेर पडतात. माणसाला त्याने थंडीतापासारखा त्रास होतो. पिंजऱ्यातले पक्षी त्याने दगावतात, म्हणून ज्यांच्या घरी पक्षी आहेत त्यांनी पिंजरा स्वयंपाकघरात ठेवूच नये. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवला तर २६० अंशांचा टप्पा काही मिनिटांतच ओलांडला जातो. तव्यात तेल असेल तर आगाऊ सूचना मिळते, कारण बहुतेक शुद्ध केलेली तेले २०० ते २३० अंशांच्या आसपास धूर सोडू लागतात. रिकाम्या तव्याला अशी सूचना देता येत नाही. पाण्याचा थेंब टाकून पाहण्याची सवय असेल तर तो चर्र करून आटला की तवा पुरेसा तापला. थेंब न आटता गोल होऊन पळू लागला, तर आच लगेच कमी करावी.

सी-१०३
आमच्याकडे सिरॅमिकचा लेप असलेला तवा आहे. त्याला स्प्रे चालतो का?

सी-५०१
चालत नाही. तो लेप सिलिकावर आधारलेला असतो आणि जास्त उष्णता सोसतो, पण वाळलेले तेल त्यावरही तसेच बसते. त्याचा निसटता गुण मुळातच पीटीएफईपेक्षा लवकर कमी होतो, त्यामुळे त्याला जास्तच जपावे लागते.

ए-१०२
या सगळ्यापेक्षा आमचा बिडाचा तवा बरा म्हणायचा. त्याला ना लेपाची काळजी, ना आचेची.

सी-५०१
काका, गंमत अशी की बिडाच्या तव्यावर जो काळा, गुळगुळीत थर आपण इतक्या कौतुकाने सांभाळता, तोही गुंतून वाळलेल्या तेलाचाच असतो. तिथे खाली उघडे लोखंड असते, ते गंजू नये आणि पदार्थ त्याला चिकटू नये म्हणून आपणच तेलाचे पातळ हात देऊन तो थर बसवतो, आणि तो धातूला घट्ट धरूनही राहतो. नॉनस्टिकवर खालचा लेप त्याहून सरस असतो, म्हणून तिथे तोच थर अडचणीचा ठरतो. बिडाच्या तव्यालाही डब्यातला स्प्रे नको, साधे तेल पुरते.

बी-३०४
सोड्याची खळ लावून ठेवली आहे. तवा पुढे नीट टिकावा म्हणून आणखी काय पाळावे?

ए-४०२
मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की गरम तवा नळाखाली धरू नये. तापलेला धातू एका बाजूने एकदम आक्रसला की तवा वाकतो, मग त्याचा तळ बर्नरवर किंवा शेगडीवर सपाट बसत नाही आणि एकाच जागी करपणे सुरू होते. शिवाय पीटीएफई उष्णतेने अ‍ॅल्युमिनियमच्या कितीतरी पट प्रसरण पावत असल्यामुळे अशा धक्क्यांनी दोघांची पकड सैल होत जाते. लाकडी किंवा सिलिकॉनचे उलथणे वापरावे, तव्यातच सुरीने काही कापू नये, आणि भांडी एकात एक रचताना मध्ये फडके घालावे. डिशवॉशरमध्ये टाकता येतो असे तव्यावर लिहिलेले असले तरी हातानेच धुवावा असे माझे मत आहे, कारण त्या यंत्राचा साबण बराच तीव्र अल्कधर्मी असतो.

डी-२०३
आणि लेप खरोखरच उडाला असेल तर?

सी-५०१
एखाद-दुसऱ्या बारीक रेघेसाठी तवा टाकू नये. पापुद्रे सुटू लागले, मधोमध धातू उघडा पडला किंवा तळ वाकून तवा डगमगू लागला, तर मात्र बदलावा. उडालेल्या लेपावर स्प्रे मारून दिवस ढकलणे हा उपाय नव्हे.

सचिव
चर्चा उपयुक्त झाली, सर्वांचे आभार. याच विषयाला जोडून एक सूचना देतो. स्प्रेच्या डब्यांतला वायू ज्वलनशील असल्यामुळे पेटत्या शेगडीजवळ फवारा मारू नये आणि डबा शेगडीशेजारच्या फळीवर ठेवू नये. इमारतीच्या कचऱ्यात असे डबे भोक पाडलेल्या आणि चेपलेल्या अवस्थेत येत आहेत. रिकाम्या वाटणाऱ्या डब्यातही दाब शिल्लक असतो, त्यामुळे त्याला भोक पाडणे, तो ठेचणे किंवा आगीत टाकणे धोक्याचे आहे. खिडकी उघडी ठेवून, आसपास ज्योत नसताना, काहीच येईनासे होईपर्यंत डबा फवारून रिकामा करावा आणि सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या पिशवीत घालून सफाई कर्मचाऱ्यांच्या हाती सांगून द्यावा.