मदत हवी आहे: रेशाद मसाला फसफसतोय, रविवारी पाहुणे!

पुणेरी_सून: सासूबाईंच्या पद्धतीने रेशाद, म्हणजे मासळीत भरायचा गोव्याचा लाल मिरचीचा मसाला केला, पहिल्यांदाच. दोन बरण्या. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर फुस्स! वर बुडबुडे, एकीत पांढरट पापुद्रा. मडगावला त्यांचा मसाला महिनोन्महिने टिकतो. रविवारी आठ माणसं आहेत, बांगडे सांगून ठेवलेत. वाचवता येईल का? लवकर सांगा. सासूबाईंना विचारायचं नाहीये.

करली: फ्रीजमध्ये होता की बाहेर? व्हिनेगर कुठलं? वाटताना पाणी?

पेडणेकर_बाब: आधी मिरची कुठली ते सांगा. काश्मिरी घालून रंग येतो, चव नाही. हरमलची मिरची आणा. काणकोणच्या खोला मिरचीला तर जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय.

मुंबईकर७१: बाब, जीआयने बुरशी जाते का?

पुणेरी_सून: मिरची बेडगी. बाहेरच ठेवला, त्यांचाही ओट्यावरच असतो. व्हिनेगर घरात होतं ते, चायनीजसाठी आणलेलं. पाणी अजिबात नाही. मिरच्या फक्त कोमट पाण्यात भिजवल्या आणि मिक्सर फिरेना म्हणून त्यातलंच थोडं घातलं.

करली: अहो ताई, मग ते पाणीच की! रेशाद टिकतो तो व्हिनेगरच्या आंबटपणावर. मिरच्या व्हिनेगरमध्येच भिजवायच्या, मिक्सर अडला तरी व्हिनेगरच. आमच्याकडे माडाचंच लागतं.

आजीचा_नातू: पापुद्रा काढा, बाकीचा तेलावर परता. आमची आजी हेच करायची, कुणाला काही झालं नाही.

मुंबईकर७१: बुरशी वर दिसते तेवढीच नसते, आत उतरलेली असते. आठ जणांवर प्रयोग नको. दोन्ही बरण्या फेका.

आजीचा_नातू: हल्ली सगळंच फेकायचं.

सोलापूरी_तडका: एवढं कशाला? मिरच्या-लसूण तव्यावर भाजा, दाणे, मीठ, खलबत्त्यात ठेचा. दहा मिनिटांत ठेचा तयार.

पेडणेकर_बाब: बांगड्यात ठेचा भरणार? रेशाद म्हणजे पोर्तुगीजमध्ये 'भरलेला'. बांगड्याला काट्याच्या दोन्ही बाजूंनी चिरून आत मसाला, मग तव्यावर.

सोलापूरी_तडका: एकदा भरून तर बघा.

करली: ताई, शनिवारी ताजा वाटा. वीसेक मिरच्या, अख्खा लसूण, बोटभर आलं, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद, चिंच, साखर, मीठ. सगळं व्हिनेगरमध्ये. बरणी कोरडी, फ्रीजमध्ये. कांदा घालू नका, त्याला पाणी सुटतं.

पुणेरी_सून: …कांदा होता. दोन.

मुंबईकर७१: 😀

पुणेरी_सून: दोन्ही फेकल्या. वरून रवा लावायचा का?

पेडणेकर_बाब: लावायचा.

करली: मुळीच नाही.

कोथरूडची_माऊ: विषयांतराबद्दल क्षमस्व, पण माडाचं व्हिनेगर पुण्यात कुठे मिळतं?