ऑस्ट्रेलिया: गावचा फुटी क्लब सावरायचा कसा?

प्रश्न: व्हिक्टोरिया राज्यातल्या खेड्यातला फुटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा क्लब. सीनियर संघ शंभरेक गुणांनी हरतो, रिझर्व्ह्जला (दुसऱ्या फळीच्या संघाला) १८ जण जमत नाहीत, गाव म्हणतं कमिटीनेच वाट लावली. बाहेरून मानधनावर खेळाडू आणावेत का?

उत्तर १: इतक्यात नको. तिथे खेळाडूंची गुणपद्धत आहे: प्रत्येक खेळाडूला ठरावीक गुण लागतात आणि संघाच्या एकूण गुणांना मर्यादा असते. मानधनालाही कमाल मर्यादा आहे. घरचा पोरगा १ गुणाचा, बाहेरचा तगडा बराच जास्त गुणांचा. चार-पाच जणांतच कोटा आटतो. पुढच्या वर्षी ते जास्त देणाऱ्याकडे जातात, देणी तुमच्याकडे राहतात. त्यापेक्षा ज्युनियर संघ आणि क्लबातल्या मुली-बायकांचा नेटबॉल धरा. कोर्टवर ७ जणीच असतात, पण त्यांच्यासोबत अख्खी घरं क्लबात येतात. त्यांची चेंजिंग रूम गळकी ठेवून फुटीवर पैसे उधळलेत, तर टीका रास्तच!

उत्तर २: कुजबुजीला औषध हिशेबाचं. बार, कॅन्टीन, गेट, प्रायोजक यांची जमा वेगवेगळी, दर महिन्याला फलकावर लावा. वार्षिक सभेपर्यंत थांबू नका. रोकड दोघांनी मोजायची, आणि खजिनदाराकडे बार नको. सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याला शनिवारचं गेट सांभाळायला द्या.

उत्तर ३: रिझर्व्ह्ज मात्र बंद करू नका. १८ वर्षांखालच्या संघातून बाहेर पडलेली पोरं थेट सीनियरमध्ये टिकत नाहीत, शेजारच्या क्लबात जातात. कमी खेळाडूंचे सामने चालतील का, हे लीगला हंगामाआधीच विचारा.