मदत हवी आहे: 'पर्यंत'साठी 'बाय' कधी, 'टिल' कधी?

नमस्कार. आमच्या वस्तीतल्या काही जणींना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. कुणी दुकानात, कुणी पार्लरमध्ये, एक जण दवाखान्यात रिसेप्शनवर आहे. समोरच्याशी चार वाक्यं न अडखळता बोलता यावीत, एवढंच त्यांना हवंय आणि ते त्यांना यावं अशी माझी फार इच्छा आहे.

मराठीत एक शब्द आणि इंग्रजीत दोन, असं झालं की गाडी अडते. 'बॉरो' आणि 'लेंड' पटकन जमलं, कारण उसने घेणं वेगळं, देणं वेगळं. 'स्टील' आणि 'रॉब'सुद्धा: स्टील करतात ती वस्तू, रॉब करतात तो माणूस किंवा बँक. 'पासून'ला वेळ लागला. सगळ्या 'सिन्स फाइव्ह इयर्स' म्हणायच्या. सुरुवात सांगायची असेल तर सिन्स (२०१९पासून), काळ मोजायचा असेल तर फॉर (पाच वर्षं), हे आता पक्कं झालंय.

पण 'पर्यंत'! 'मॅडम शुक्रवारपर्यंत रजेवर आहेत' इथे टिल, आणि 'शुक्रवारपर्यंत रिपोर्ट मिळेल' इथे बाय. मराठीत काहीच फरक नाही. रिसेप्शनवरून 'रिपोर्ट टिल फ्रायडे' असं सांगितलं, तर शुक्रवारनंतर रिपोर्ट मिळणारच नाही असा पेशंटचा समज होऊ शकतो. व्याकरणाच्या पुस्तकातली व्याख्या वाचून दाखवली, कुणालाच पटली नाही. मराठीतूनच सांगता येईल अशी काही युक्ती आहे का?

प्रतिसाद

ताई, 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालायला सांगा. 'शुक्रवारच्या आत रिपोर्ट मिळेल' चालतं, म्हणून बाय. 'शुक्रवारच्या आत रजेवर आहेत' कानाला खटकतं, म्हणून टिल. 'दहापर्यंत घरी ये' आणि 'दहापर्यंत दुकान उघडं असतं' यांवर करून बघा.

धागाकर्ती

खूप आभार! हे उद्याच घेते. पण 'शुक्रवारपर्यंत पगार होणार नाही' याचं काय? इथे 'च्या आत'ही चालतंय.

प्रतिसाद

बरोबर पकडलंत. वाक्यात नकार असला की ही युक्ती वापरायची नाही. 'नॉट टिल फ्रायडे' म्हणजे पगार शुक्रवारी होईल, त्याआधी नाही. 'नॉट बाय फ्रायडे' म्हटलं तर शुक्रवार उलटला तरी झालेला नसेल. पगाराची तारीख माहीत असेल तर टिलच. नकाराची वाक्यं पहिल्या दिवशी घेऊ नका, होकाराची तोंडात बसू द्या.