साहेबाला परेड दिसते, सोबत्याला रात्रीचे दोन

'कॅडेटांनी, म्हणजे लष्करी प्रशिक्षण घेणाऱ्या पोरांनी, एकमेकांना गुण द्यायचे म्हणजे नुसतं दोस्तीखातं', असं बरेच जण म्हणतात. मलाही आधी तसंच वाटायचं. पण अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलातल्या अधिकारी-उमेदवारांवरचा विल्यम्स आणि लेविट या संशोधकांचा अभ्यास १९४७ सालचा आहे. पुढे लढाईत कोण कसं निभावेल, याचा अंदाज लेखी चाचण्यांपेक्षा सोबत्यांच्या मतांवरून जास्त बरोबर आला. दोस्तीची शंका मानसशास्त्रज्ञ हॉलंडर यांनी नौदलाच्या वैमानिक-कॅडेटांवर तपासली. मैत्रीमुळे अंदाज फारसे बिघडले नाहीत.

कारण शीर्षकातच आहे. माटुंग्याला कॉलेजात एनसीसीत होतो, तेव्हा कॅम्पला रात्री तंबूत पाणी शिरलं. परेडवर सगळ्यात कडक सॅल्यूट ठोकणारा गडी कोरडी चादर उचलून शेजारच्या तंबूत पसार! आणि बडबड्या म्हणून रोज ओरडा खाणारा पोरगा जेवणाच्या ताटलीने चर खणत बसलेला. साहेबांच्या वहीत कोण वर होतं, ते सांगायलाच नको.

फक्त हे गुण बढतीला जोडले की साटंलोटं सुरू होतं. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात जोडले, तर पहिल्याच वर्षी सगळ्यांना पाचपैकी पाच.