मदत हवी आहे : घशाच्या कर्करोगावरील प्रोटॉन उपचारानंतर गिळण्याचा त्रास आणि दाढेचा प्रश्न (इंदूर)

नमस्कार.

माझ्या यजमानांना जिभेच्या मुळाशी कर्करोग झाला होता. त्यावरील प्रोटॉन उपचार (किरणोपचाराचाच एक प्रकार) पूर्ण होऊन आता दोन वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. गाठ पूर्णपणे गेली आहे, प्रत्येक तपासणीत डॉक्टर समाधान व्यक्त करतात आणि त्याबद्दल आम्ही सर्वांचे ऋणी आहोत. तरीही हा धागा काढत आहे, कारण मधल्या काळात बरेच सुधारलेले गिळणे पुन्हा अवघड होऊ लागले आहे आणि त्यातच एका किडलेल्या दाढेचा निर्णय समोर येऊन ठेपला आहे. ज्यांनी हे स्वतः भोगले आहे किंवा घरातल्या कोणाची अशी शुश्रूषा केली आहे, त्यांच्या अनुभवाची आम्हाला फार गरज आहे.

थोडी पार्श्वभूमी देते. प्रोटॉन उपचाराची सोय आपल्या देशात अजून मोजक्याच ठिकाणी आहे. चेन्नईत ती २०१९ साली सुरू झाली आणि त्यानंतर काही वर्षांनी नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत. इंदूरहून जाऊन, उपचार संपेपर्यंत परगावी खोली घेऊन आम्ही राहिलो. घशाच्या अशा कर्करोगात साधारणपणे ६६ ते ७० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) एवढी मात्रा ३३ ते ३५ भागांत, आठवड्याचे पाच दिवस अशी देतात, तशीच ह्यांनाही दिली गेली. जोडीला दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमोथेरपी होती. गाठ मध्यरेषेजवळ असल्यामुळे मानेच्या दोन्ही बाजूंवर उपचार करावे लागले. काही आठवडे नाकातून घातलेल्या नळीने अन्न द्यावे लागले, पण ती नळी निघाल्यावर ते हळूहळू तोंडाने जेवू लागले.

भेटायला येणाऱ्या बहुतेकांचा असा समज असतो की प्रोटॉन उपचार केला म्हणजे दुष्परिणाम होतच नाहीत, आणि मग ह्यांनी एखादा पदार्थ नाकारला की त्यांना तो नखरा वाटतो. आम्हाला डॉक्टरांनी जे समजावले ते असे : क्ष-किरण शरीरातून आरपार जातात, प्रोटॉनचा कण मात्र त्याला दिलेल्या ऊर्जेनुसार ठरावीक खोलीवर थांबतो आणि थांबण्याच्या बेतात असताना आपली सर्वाधिक ऊर्जा तिथे सोडतो. त्यामुळे गाठीच्या पलीकडचे निरोगी भाग पुष्कळ वाचतात आणि तोंडाचा पुढचा भाग, लाळग्रंथी यांना कमी झळ पोहोचवता येते. पण जिथे गाठ होती तिथल्या गिळण्याच्या स्नायूंना पूर्ण मात्रा द्यावीच लागते, नाही तर उपचाराला अर्थ राहत नाही. वाचले ते या उपचारामुळेच वाचले, याविषयी माझ्या मनात शंका नाही. जे त्रास उरले आहेत, ते मात्र उरले आहेत आणि त्यांच्यासह रोजचा दिवस काढायचा आहे.

तोंडाची कोरड हा त्यांतला सर्वांत जुना त्रास. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ह्यांची लाळ पहिल्या वर्षात थोडी परतली, पण ती घट्ट आणि चिकट असते. लाळ वाढवणाऱ्या पायलोकार्पिनच्या गोळ्यांविषयी विचारले होते, परंतु ह्यांना दमा असल्याने डॉक्टरांनी त्या टाळल्या. कोमट पाण्यात थोडे मीठ आणि खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या, औषधांच्या दुकानात मिळणारा कृत्रिम लाळेचा फवारा आणि सतत जवळ पाण्याची बाटली, एवढ्यावर चालले आहे. आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात एसीपेक्षा पाण्याचा कूलर बरा पडतो, असा आमचा अनुभव आहे, कारण त्याची हवा ओलसर असते.

चवीबद्दल फारशी तक्रार नाही. खारट आणि आंबट बऱ्यापैकी कळते, गोड अजून फिकट लागते. तिखट मात्र अजिबात सोसत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. उपचारांनंतर वर्षभराने ते मऊ पोळी, वरण-भात, शिजवून घोटलेल्या भाज्या असे सर्व जेवू लागले होते. गेल्या काही महिन्यांपासून घास पुन्हा अडकू लागला आहे. इंदूरच्या माणसाला सकाळी पोहे नसले तर दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही, म्हणून मी शेव आणि जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) वगळून, वाफेवर अगदी मऊ केलेले पोहे वरून दूध शिंपडून देत असे. हल्ली त्या पोह्यांचा घासही टाळूला चिकटून बसतो, जिभेने सुटत नाही आणि शेवटी बोटाने काढावा लागतो. असे चारचौघांत होऊ नये म्हणून ते लग्नामुंजींना घरून जेवून जातात आणि पंगतीत नुसते ताक घेऊन बसतात. भुट्ट्याचा कीस दुधात भरपूर शिजवून, साले राहू नयेत म्हणून चाळणीतून दाबून काढला तर व्यवस्थित जातो. दलियाची खीर, नाचणीची आंबील, घोटलेली मुगाची खिचडी हेही जाते. कोरडे, भुरभुरीत आणि तंतुमय असे काहीच जात नाही.

वजन घटत आहे. पाणी पिताना अधूनमधून ठसका लागतो आणि ठसक्यापेक्षा मला ठसका न लागण्याची भीती अधिक वाटते. किरणोपचारानंतर घशाची संवेदना कमी झालेली असल्यास अन्नाचा किंवा पाण्याचा अंश श्वासनलिकेत जाऊनही खोकला येत नाही आणि पुढे त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो, असे आम्हाला सांगितले गेले आहे. नाकातून बारीक दुर्बीण घालून किंवा बेरियम मिसळलेला घास गिळायला लावून त्याचे क्ष-किरण चित्रण करून हे तपासता येते. अन्ननलिकेचा वरचा भाग अरुंद झाला आहे का, हेही त्यातून कळण्याची शक्यता असते आणि तसे असेल तर ती जागा रुंद करता येते. येथील कान-नाक-घसा तज्ज्ञांनी घसा पाहून गाठ पुन्हा आलेली नाही याची खात्री दिली आहे आणि स्नायू कडक होत असल्याचे सांगितले आहे. हा कडकपणा उपचारांनंतर अनेक महिन्यांनी, कधी काही वर्षांनीसुद्धा वाढू शकतो, ही गोष्ट आम्हाला आता नीट समजली आहे.

आप्तांपैकी अनेकांचे म्हणणे असे की आता त्यांना चावायला-गिळायला लावू नका, पोटातून नळी घाला किंवा सगळे पातळ करून द्या, म्हणजे त्यांचेही हाल थांबतील आणि तुमचेही. त्यांची कळकळ मला समजते. पण गिळण्याचे स्नायू वापरले नाहीत तर ते आणखी कमजोर होतात, म्हणून सुरक्षित असेल तितके तोंडाने खाणे आणि त्या जोडीला व्यायाम चालू ठेवणे महत्त्वाचे, हे स्पीच थेरपिस्टनी उपचारांच्या वेळीच बजावले होते. जोर लावून गिळणे, जिभेचे टोक दातांत धरून कोरडा आवंढा गिळणे, पाठीवर निजून खांदे न उचलता फक्त डोके वर उचलून पायांच्या बोटांकडे पाहणे, असे व्यायाम त्यांनी शिकवले होते. पहिले वर्षभर ते नियमाने चालले, पुढे गिळणे सुधारल्यावर त्यांत खंड पडला. आता पुन्हा सुरू केले आहेत, पण कोरड्या तोंडाने आवंढा गिळायचा म्हणजे मोठी कसरत असते आणि ते लवकर थकतात. जबडाही पूर्वीइतका उघडत नाही. तीन बोटे उभी आत जायला हवीत, तिथे जेमतेम दोन जातात. लाकडी आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरण्याचा व्यायाम ते रोज करतात आणि किती काड्या मावल्या ते लिहून ठेवतात.

थकव्याबद्दल एक माहिती इतरांच्या उपयोगी पडावी म्हणून लिहिते. आम्ही तो बराच काळ वयाचा आणि अशक्तपणाचा मानला होता, पण रक्त तपासल्यावर टीएसएच (थायरॉईड मंदावली की वाढणारे संप्रेरक) वाढलेले निघाले. मानेवर किरणोपचार झालेल्यांची थायरॉईडची तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी आवर्जून करावी. रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी सुरू झाल्यापासून त्यांना पुष्कळ बरे वाटते. हनुवटीखाली सकाळी दिसणारी सूज दिवसभरात उतरते आणि त्यासाठी हलक्या हाताने करायचे मर्दन आम्ही फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतले आहे.

राहिली दाढ. लाळ कमी झाल्यामुळे हिरड्यांलगत दात भराभर किडतात. उजवीकडची खालची दाढ आता दुखते आहे. येथील एका दंतवैद्यांनी ती काढून टाकू असे सुचवले. परंतु भरपूर मात्रा मिळालेल्या जबड्यातील रक्तपुरवठा कमी झालेला असतो, दात काढल्यावर जखम भरत नाही आणि हाड मृत होण्याचा धोका असतो, असे उपचार केंद्रातून निघतानाच आम्हाला लेखी दिले होते. फोनवर विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की त्या दाढेखालच्या हाडाला नेमकी किती मात्रा मिळाली, ते उपचाराच्या आराखड्यात पाहता येते आणि ते पाहिल्याशिवाय दात काढू नये. तो आराखडा मागवला आहे. शक्य असल्यास रूट कॅनाल करून वरचा भाग कापून टाकायचा आणि मूळ जागीच ठेवायचे, असाही पर्याय त्यांनी सांगितला आहे.

मला पुढील बाबतींत मदत हवी आहे. इंदूरमध्ये किंवा जवळपास, उज्जैन-भोपाळकडेही चालेल, दुर्बिणीने अथवा बेरियमच्या चित्रणाने गिळण्याची तपासणी करून त्यानुसार व्यायाम बसवून देणारे स्पीच थेरपिस्ट कोणाला माहीत आहेत का? व्हिडिओवरून मार्गदर्शन घेऊन कोणाला खरोखर फायदा झाला आहे का? उशिरा सुरू झालेला हा कडकपणा व्यायामाने निदान आहे तिथे थांबला, असा अनुभव कोणाचा आहे का, आणि थकलेल्या माणसाकडून तो व्यायाम आपण रोज कसा करवून घेतलात? पोटातून नळी घालूनही तोंडाने थोडे खाणे चालू ठेवलेल्यांचे अनुभवही वाचायला आवडतील, कारण वजन असेच घटत राहिले तर तो निर्णय आम्हालाही घ्यावा लागेल.

वैद्यकीय निर्णय अर्थातच डॉक्टरांना विचारूनच घेऊ. डॉक्टरांची नावे येथे लिहिणे योग्य वाटत नसेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. दाढेसाठी पुढच्या आठवड्यात दंतवैद्यांना उत्तर द्यायचे आहे, म्हणून किरणोपचारानंतर ज्यांनी खालची दाढ काढली आहे किंवा रूट कॅनाल करून वाचवली आहे, त्यांनी आधी लिहावे ही विनंती.