पुणे–नागपूर: विमान तासाभराचं, तुमचा प्रवास किती वेळाचा?

रेवतीची_आई: सोसायटीतल्या एका मुलाला नागपूरला नोकरी लागली. त्याची आई काल विचारत होती, "विमानाने किती वेळ लागतो गं?" सव्वा तास, म्हणून मोकळी झाले आणि मग बाबांच्या आजारपणाचे दिवस आठवत राहिले. फोन आला की अपरात्री कोथरूडहून लोहगाव, पहाटेचं विमान. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर भाऊ स्कूटर घेऊन उभा, की थेट धंतोली. घरून निघाल्यापासून बाबांच्या उशाशी पोचेपर्यंत पाच-साडेपाच तास जायचेच. पण रेल्वेने गेले असते तर त्यांच्याशी शेवटचं बोलणं झालं नसतं. तुमचेही अनुभव लिहा.

मु_पो_यवतमाळ: ताई, डोळे भरले. माझी माय यवतमाळला. सोनेगावला उतरलं की पुढं अजून तीन तास गाडी. विमानापेक्षा तेच लांब वाटतं.

खिडकीची_सीट: नागपूरला जाताना डावीकडे बसा. हवा स्वच्छ असेल तर आधी नाथसागर, मग लोणार. नकाशावर सरळ रेघ मारलीत तर लोणार जवळजवळ मध्यावर येतं. डिसेंबरातल्या सकाळी वरून ती गोल वाटी दिसली तेव्हा शेजारच्या अनोळखी आजोबांना हलवून दाखवली. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं, ते वरून बघायचं राहिलं.

बाबा_लोहगावकर: सरळ रेषेत अंतर साधारण 600 किमी. जेटचा वेग ताशी 800 च्या आसपास, पण चढताना-उतरताना कमी, त्यामुळे हवेत तासभर. तिकिटावरची वेळ मात्र जागेवरून हलल्यापासून पलीकडे उभं राहीपर्यंतची. आपली धावपट्टी एकच, शिवाय हवाईदलाचा तळ, त्यामुळे रांग लागते. पंख्याचं एटीआर विमान असेल तर वीस-पंचवीस मिनिटं जास्त धरा.

गाडीवाला: आम्ही समृद्धीवाले. जालन्याला एकदा लागलो की सुसाट. संभाजीनगरपर्यंतच जीव जातो.

सानिका_म: ऑक्टोबर 2021 मध्ये धावपट्टीच्या कामासाठी लोहगाव पंधरवडाभर बंद होतं, आणि नेमकं तेव्हाच ताईचं डोहाळजेवण! दौंड, मनमाड, भुसावळ असा सगळा फेरा रेल्वेने. डब्यातल्या एका काकूंनी स्वतःच्या डब्यातली सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर) खाऊ घातली. अजून चव आठवते.

कुकरची_शिट्टी: सांबारवडी!! पुण्यात कुठे मिळते गं?

मु_पो_यवतमाळ: विकतची नको, घरी कर. कोथिंबीर धुऊन पूर्ण सुकव, ओली राहिली तर वडी तेलात फुटते. सारणात खसखस, खोबरं हवंच.

कुकरची_शिट्टी: रविवारी करते. भाजी फोडणीला टाकलीये, येते.

रेवतीची_आई: @मु_पो_यवतमाळ, आई कशा आहेत आता?

मु_पो_यवतमाळ: बऱ्या आहेत ताई. दिवाळीनंतर पुण्याला आणतो म्हणतोय. गुडघे धरलेत, एवढी चाल झेपणार नाही. व्हीलचेअर मिळते ना?

बाबा_लोहगावकर: मिळते. तिकीट काढतानाच नोंदवा, निदान 48 तास आधी तरी कळवा. विमानाचा जिना चढवणार नसेल तर तेही तेव्हाच सांगा, म्हणजे तशी सोय करतात. आणि मधल्या वाटेलगतची सीट मागा, पाय लांब करता येतात.