तपासणीच्या तोंडावरची धावपळ: तयारी की देखावा?

जिन्यातला:
आमच्या ऑफिसच्या इमारतीची अग्निसुरक्षा तपासणी नुकतीच उरकली. आधीचे चार दिवस नुसती लगीनघाई. मागच्या जिन्यात दीड वर्ष पडलेल्या मोडक्या खुर्च्या आणि कागदांची खोकी रातोरात हलली. कुठे? इलेक्ट्रिक रूममध्ये! अधिकाऱ्यांनी जिना पाहिला, मान डोलावली, गेले. माझं म्हणणं, आगाऊ तारीख द्यायचीच नाही. अचानक यावं, दिसेल ते लिहावं.

मेंटेनन्सवाला:
जिना दिसेल हो, पंपाचं काय? हायड्रंटला, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळाला, प्रेशर येतं का बघायचं तर पंप चालवणारा माणूस हजर लागतो. अलार्म वाजवायचा तर आधी सगळ्या मजल्यांना कळवावं लागतं. तारीख आली म्हणूनच मी शिडी घेऊन मजले फिरलो. रंगकामाच्या वेळी स्मोक डिटेक्टरला घातलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या सात ठिकाणी तशाच! अलार्मच्या पॅनलवर सगळं नॉर्मल. टोपीत धूर शिरणार कुठून?

जिन्यातला:
रंगकाम कधी झालं होतं?

मेंटेनन्सवाला:
पाच महिन्यांपूर्वी. हसा. पण अचानक आलेल्या माणसाने प्रत्येक डिटेक्टरखाली उभं राहून मान वर केली असती, असं खरंच वाटतं तुम्हाला?

रात्रपाळी:
मी जिन्यातल्यांच्या बाजूने. आमच्या मागच्या दाराला रात्री साखळी-कुलूप असतं, चोरी होऊ नये म्हणून. तपासणीच्या सकाळी साखळी गायब, संध्याकाळी परत जागेवर. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात १९११ साली आगीत १४६ जणांचा जीव गेला, तिथेही बाहेर पडायच्या एका दाराला कुलूप होतं. शंभर वर्षं उलटली, कारणही तेच सांगतात: चोरी. आतून ढकललं की उघडणारा आणि उघडताच बझर वाजवणारा पॅनिक बार मिळतो की! तो बसवा म्हटलं तर "बघू".

सरळहिशेबी:
उगाच बाऊ करताय. आग विझवायच्या सिलिंडरचा प्रेशरचा काटा हिरव्यात, टॅगवर तारीख चालू, जिना मोकळा. तपासणी पास. आणखी काय हवं?

मेंटेनन्सवाला:
सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) सिलिंडरला काटाच नसतो. त्याचं वजन करावं लागतं. पावडरवाल्याचा काटा हिरव्यात असला तरी आत पावडरचा गठ्ठा झालेला असू शकतो. आणि तुमच्या रेकॉर्ड रूममधल्या फायली छताला टेकल्या असतील तर स्प्रिंकलर (आगीच्या उष्णतेने पाणी फवारणारा छतातला नळ) फुटूनही पाणी पसरणार नाही. त्याच्या खाली साधारण ४५ सेंमी मोकळं लागतं. यातलं काहीच टॅगवर लिहिलेलं नसतं. म्हणून म्हणतो, तयारीला वेळ द्या.

रात्रपाळी:
मग दोन्ही करा ना. पंप, अलार्म, नोंदी यांना तारीख द्या. दारं आणि जिने मात्र न सांगता बघा, तेही रात्री. साखळी काढायला चार दिवस कशाला लागतात?

मेंटेनन्सवाला:
हे चालेल. फक्त रात्री आलात तर किल्ली कोणाकडे, हे रखवालदाराला माहीत असू द्या. आमच्याकडे नव्हतं.

जिन्यातला:
ताजी खबर. इलेक्ट्रिक रूममध्ये कागद ठेवणं धोक्याचं, असं मी लेखी कळवलं होतं. आज सकाळी खोकी तिथून उचलली.

परत जिन्यात आणून ठेवली.